शोभनामावशी केस देत नाहीत

इंगोलश्टाटला गाड्या बनवायला आलेल्या मराठी इंजिनियरला पहिला धक्का बसतो तो हा, की त्याला गाडी चालवता येत नाही. पुण्याहून निघताना त्याच्या खिशात भारतातलं लायसन्स असतं, डोक्यात ब्रेकचं अख्खं गणित असतं आणि हिंजवडीच्या गर्दीतून रोज धडधाकट घरी पोहोचल्याचा अभिमान असतो. पण जर्मनीत ते लायसन्स सहा महिने चालतं. त्यानंतर पुन्हा थिअरीची परीक्षा, पुन्हा रस्त्यावरची परीक्षा. आणि हा ब्रेकवाला माणूस रस्त्यावरच्या परीक्षेत पहिल्याच चौकात नापास होतो. उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं आणि हा समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून पुढे घुसतो. मग ऑफिसातलं कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगतं, की बाबा रे, आता मुकाट्यानं शोभनामावशींकडे जा.

शोभना पाटणकर. साठी जवळ आलेली, बुटकी, आवाज खर्जातला. कराडच्या एसटी ड्रायव्हरची मुलगी. वडिलांच्या गाडीत इंजिनाच्या झाकणावर बसून तिनं कुंभार्ली घाट इतक्या वेळा उतरला होता, की गिअर कधी पडणार ते तिला बुडाखालच्या थरथरीवरून कळायचं. मोहनरावांशी लग्न होऊन ती नव्वद साली इथे आली. मोहनराव कारखान्यात, आणि ही बेकरीच्या काउंटरमागे. बरीच वर्षं पाव विकल्यावर एक दिवस तिनं जाहीर केलं, की आपण गाडी शिकवणारी बाई होणार. बव्हेरियात, बाईनं, त्यातून भारतीय बाईनं! लोक हसले. तिनं त्यांना पोटभर हसू दिलं, परीक्षा दिल्या आणि स्टेशनमागे स्वतःची फारशूले काढली. फारशूले म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल. पाटी एवढीच: फारशूले पाटणकर. गेली वीसेक वर्षं त्या पाटीखालून जर्मन, तुर्की, केरळी, मराठी सगळे गाडी शिकून बाहेर पडले. मराठी मंडळींनी तिला मावशी करून टाकलं, तेव्हा आपणही मावशीच म्हणू.

मावशींचं शिकवणं निराळं. जर्मन विद्यार्थ्यांशी अदबीनं, मराठी विद्यार्थ्यांशी ‘अरे गाढवा’नं सुरुवात, पण आवाज कधी चढवायचा नाही. भारतात नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या बायका त्यांच्याकडे आल्या, की पहिले काही दिवस नुसत्या दचकायच्या, कुणीतरी आता ओरडेल म्हणून. नैना त्यातलीच. महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष विवेक, त्याची ही बायको. तिला स्टिअरिंग धरलं की घाम फुटायचा. मावशी तिला म्हणायच्या, ब्रेक माझ्याही पायाखाली आहे, तू निवांत चूक कर. दोन महिन्यांत बाई महामार्गावर गाणं गुणगुणायला लागली.

सांगायचं काय, तर कोण गाडी चालवायला लायक आणि कोण नाही, हे या बाईला कळायचं. आणि तिच्या मते तिनं शिकवलेल्यांतला सर्वांत चांगला हात ओजसचा होता.

ओजस सांगलीचा. म्युनिकजवळ गार्चिंगला पीएच.डी. करायचा आणि त्याच कामाचा भाग म्हणून इंगोलश्टाटच्या एका लहानशा कंपनीत चाचणीच्या गाड्या चालवायचा. एका शनिवारी म्युनिकमध्ये मित्राच्या पार्टीत त्यानं गांजाचे दोन झुरके घेतले. मंगळवारी सकाळी अंघोळ करून, पोहे खाऊन कामाला निघाला, तेव्हा रस्त्यात पोलिसांची नेहमीची तपासणी चालू होती. पोलिसानं सहज विचारलं, की अलीकडे काही घेतलंय का. आता इथली पोरं अशा वेळी गप्प बसतात. गप्प बसायचा हक्क आहे हे त्यांना शाळेपासून ठाऊक असतं. पण आपल्याकडे वर्दीतल्या माणसानं विचारलं की खरं बोलायचं, असं वळण लावलेलं. ओजसनं सगळं सांगितलं. शनिवार सांगितला, झुरके दोन होते हे सांगितलं, वर आता बरं वाटतंय हेही सांगितलं.

रक्तात त्या वेळच्या मर्यादेपेक्षा जरासा जास्त अंश निघाला. डोकं ताळ्यावर होतं, हात स्थिर होते, गाडी सरळ चालली होती. ते कुणी मोजलंच नाही. दंड झाला, महिनाभर गाडी बंद झाली आणि मागून कळलं, की आता लायकी सिद्ध करायची. त्यासाठी मानसशास्त्राची एक परीक्षा असते, तिला इथले लोक सरळ ‘मूर्खांची परीक्षा’ म्हणतात. तिच्या आधी वर्षभर आपण नशेपासून लांब आहोत याचे पुरावे द्यायचे. कधी कुणीतरी समोर उभं असताना बाटलीत लघवी करायची, कधी केस द्यायचे, कारण केसांत नशेचा माग कित्येक महिने राहतो. कंपनी थोडे दिवस थांबली आणि तिनं दुसरा मुलगा घेतला.

मावशी एकदा त्याच्याबरोबर लॅबमध्ये गेल्या होत्या. ओजसनं मान खाली घातली, तिथल्या बाईनं त्याच्या डोक्यामागची बट अगदी कातडीलगत कापली आणि हा मुलगा तिला म्हणाला, डांके. थँक यू. त्या डांकेनं मावशींच्या डोक्यात तिडीक गेली. चोरी न केलेल्या माणसानं झडती घेणाऱ्याचे आभार मानायचे, ही कुठली रीत? ओजस वर्षानं परीक्षा पास झाला, पण तोवर इथलं त्याचं मन उडालं होतं. तो सांगलीला परतला. तिथल्या कॉलेजात शिकवतो आणि स्कूटरवर फिरतो.

तो गेला त्याच महिन्यात मावशी पहिल्यांदा स्टॉलवर गेल्या.

लुडविगश्ट्रासे या रस्त्यावर, जिथे शनिवारी बाजारहाटाला निम्मं गाव लोटतं, तिथे गांजाचा कायदा बदला म्हणणाऱ्या लोकांचा एक स्टॉल लागायचा. एक टेबल, एक छत्री, पत्रकं. माणसं मोजकी. त्यात पुढे असायच्या रीडलबाई, निवृत्त नर्स, स्वभावानं फटकळ. रीडलबाईंना वाटलं, ही भारतीय बाई योगाचं काहीतरी विकायला आली. मावशींनी सांगितलं, मी फारशूले चालवते आणि माझ्या मुलाला तुमच्या कायद्यानं फुकट बाद केलं. मुलगा म्हणजे विद्यार्थी, हे नंतर स्पष्ट झालं. त्या दिवसापासून शनिवारी दोन वाजेपर्यंत फारशूले बंद आणि मावशी स्टॉलवर.

त्यांनी स्वतः गांजा कधी ओढला नव्हता. वासही आवडायचा नाही. हे त्या स्टॉलवर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच वाक्यात सांगायच्या, आणि दुसऱ्या वाक्यात सांगायच्या, की न आवडणारी गोष्ट आणि गुन्हा यांत फरक असतो. मला बीअरही आवडत नाही, तुम्ही सोडणार आहात का? बव्हेरियात हा प्रश्न बरोबर बसायचा. माणूस हसायचा, थांबायचा आणि मग मावशी त्याला पकडायच्या. पिऊन चालवणाऱ्याला धरा, ओढून झिंगलेल्याला धरा, मी स्वतः किल्ली काढून घेते. पण मंगळवारी शुद्धीत असलेल्या माणसाला शनिवारसाठी धरू नका. एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते त्या कंटाळा न करता चार वर्षं म्हणत राहिल्या.

रस्त्यांचा कायदा बर्लिनच्या हातात आणि अंमलबजावणी म्युनिकच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, म्हणून त्यांनी दोन्हीकडची दारं ठोठावली. इथून बर्लिनच्या संसदेत निवडून गेलेले साहेब मतदारसंघात लोकांना भेटायचे, तेव्हा मावशी दर खेपेला रांगेत. तोच प्रश्न, तोच खर्जातला आवाज. शेवटी साहेबांची सेक्रेटरी मावशींच्या चहात किती साखर घालायची हेही न विचारता घालू लागली. म्युनिकला राज्याच्या विधानसभेकडे त्यांनी अर्ज केला. समितीनं त्यांना बोलायला पाच-सात मिनिटं दिली. मावशी बोलल्या. समितीनं ऐकलं आणि अर्ज फेटाळला. बाहेर आल्यावर रीडलबाईंचा चेहरा पडला होता. मावशी म्हणाल्या, अहो, माझे निम्मे विद्यार्थी पहिल्या खेपेला नापासच होतात.

मग दोन हजार चोवीस साल आलं आणि बर्लिननं कायदा बदलला. मोठ्यांना गांजा जवळ बाळगायला परवानगी झाली, आणि उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्यांच्या रक्तातली मर्यादाही वाढवली. मावशींनी त्या शनिवारी स्टॉलवर पातेलंभर शिरा नेला. लोकांना वाटलं, आता तरी ही बाई थांबेल. पण पुढच्या वर्षी सरकार बदललं. नवा कायदा तपासून बघायचं ठरलं, आणि म्युनिकमधून तर तो सरळ मागेच घ्या अशी ओरड सुरू झाली. मावशींनी छत्री पुन्हा उघडली.

इथवर मराठी मंडळींना यातलं फारसं माहीत नव्हतं. शनिवारी मावशी जर्मन लोकांत काहीतरी समाजसेवा करतात, एवढाच समज. तो समज एका फोटोनं मोडला.

मे महिन्यात कुणीतरी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. मावशी स्टॉलवर उभ्या, मागे कापडावर हिरवंगार भलंमोठं पान. खाली एवढंच लिहिलेलं, की या आपल्या मावशीच ना? झालं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ज्यांना कधी तोंड फुटत नाही त्यांनाही फुटलं. मुलांवर काय संस्कार, कारखान्यात आपली काय अब्रू, व्हिसा नूतनीकरणाच्या वेळी कुणी विचारलं तर काय सांगायचं. दोन दिवसांत ‘गांजेकस मावशी’ हे नावही तयार झालं. ज्यांना या बाईनं चौकात मान वळवून बघायला शिकवलं त्यांनीच ते ठेवलं, हे विशेष.

आणि ग्रुपच्या वर कायमचा लावून ठेवलेला एक मेसेज होता, की नव्यानं आलेल्यांनी फ्युररशाइनसाठी, म्हणजे लायसन्ससाठी, फारशूले पाटणकरकडे जावं. त्याचं काय करायचं, हा मंडळापुढे प्रश्न पडला. फारशूलेचं अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक त्या मेसेजवर चालायचं.

विवेक आणि मंडळाची सचिव मीनल रविवारी घरी आले. येताना पेढे आणले. मोहनरावांनी चहा टाकला. बराच वेळ हवेवर, गणपतीच्या हॉलच्या भाड्यावर बोलणं झालं. मावशी वाट बघत बसल्या. शेवटी विवेकनं विषय काढला.

“मावशी, तुम्ही तसल्या नाही हे आम्हाला माहितीय. गेनाऊ, अगदी म्हणूनच म्हणतोय. एक हेअर टेस्ट करून टाका ना. मागच्या कित्येक महिन्यांचं क्लीन निघेल. रिपोर्ट ग्रुपवर टाकू, विषय संपला.”

मावशींनी विचारलं, हे पोलिसांनी सांगितलंय का. नाही म्हणाला. मला शिकवायचं लायसन्स ज्यांनी दिलं त्या ऑफिसनं? नाही हो मावशी. मग कुणी? विवेक पेढ्यांकडे बघायला लागला. मीनल म्हणाली, म्हणजे, आपलेच लोक.

“मग आपल्याच लोकांना सांगा,” मावशी म्हणाल्या, “शोभनामावशी केस देत नाहीत.”

विवेकला ते कळलंच नाही. तो खरोखर चांगला मुलगा होता, आणि चांगल्या मुलांची हीच पंचाईत असते. त्याला वाटत होतं, ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्यानं दाखवायला काय हरकत आहे. मावशींनी त्याला समजावून सांगितलं, की मी कायदा बदला म्हणते, कायदा मोडते असं म्हणत नाही. उद्या मी म्हटलं की दारूची दुकानं उशिरापर्यंत उघडी ठेवा, तर माझ्या तोंडाचा वास घ्यायला याल? मत मांडलं की माणूस संशयित, हे एकदा मान्य केलं तर उद्या कुणी तोंडच उघडणार नाही. विवेक मान डोलावत राहिला आणि जाताना दारात पुन्हा म्हणाला, बघा ना मावशी, एक बटच तर आहे.

बटच तर! मावशींची वेणी कमरेखाली होती. पांढरी झालेली, पण दाट. रोज सकाळी नारळाचं तेल लावून त्या ती घालायच्या, आणि थंडीत कोटाच्या आत खोचायच्या. आता त्या वेणीकडे लोक बघायला लागले. दुकानात, देवळात, हळदीकुंकवात. जणू तिच्यात काहीतरी दडवलेलं आहे आणि बाई ते मुद्दाम पाठीवर मिरवते आहे.

मेसेज ग्रुपवरून निघाला. कुणी वाईट बोललं नाही, फक्त येणं थांबलं. विवेकनं नैनाला परीक्षा तोंडावर असताना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या फारशूलेत घातलं. नैनाचा फोनसुद्धा आला नाही. मावशींना त्याचं सर्वांत जास्त लागलं. जर्मन विद्यार्थी येत होते, तुर्की येत होते, पण तेवढ्यावर जागेचं भाडं आणि दोन गाड्यांचे हप्ते निघेनात. ऑगस्टमध्ये त्यांनी एक गाडी विकली. वर्षाअखेर पाटी उतरवावी लागेल, असं मोहनरावांनी एका संध्याकाळी हळूच सांगून टाकलं. त्यांना हिशेब कळायचा.

“अगं, दे ना एक बट,” ते म्हणाले. “तुला माहितीय, मला माहितीय, काही निघणार नाही. वीस वर्षांची शाळा आहे. हट्टापायी घालवणार?”

नवरा चुकीचं बोलत नव्हता, हेच त्यांना सहन होईना. शाळा म्हणजे त्यांचा जीव होता. पाव विकता विकता रात्री थिअरीची पुस्तकं वाचून, हसणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून त्यांनी ती उभी केली होती.

सप्टेंबरअखेरीस एका सकाळी मोहनरावांना न सांगता त्या लॅबमध्ये गेल्या.

हो, गेल्या. वेळ घेऊन, ओळखपत्र घेऊन. लॅब तीच होती, ओजसवाली. खुर्चीत बसल्या. तिथली बाई चांगली होती, तिनं विचारलं, नोकरीसाठी की प्रशासनाला दाखवायला? कुणासाठी म्हणून सांगायचं? माझ्या शेजाऱ्यांसाठी? ज्यांच्या पोरांच्या बारशाला मी पाळण्याची दोरी ओढली त्यांच्यासाठी? बाईनं वेणी अलगद बाजूला केली, मानेवर कात्रीचं गार पातं टेकलं आणि मावशींच्या ओठांवर आपसूक शब्द आला. डांके. तो शब्द त्यांनी दातांखाली धरला. त्या उठल्या, पर्स उचलली, त्या बाईला म्हणाल्या, माफ करा, चुकून आले, आणि बाहेर पडल्या.

रस्त्यावर आल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली. आज उठलो, उद्या उठणार नाही. उद्या भाड्याची तारीख जवळ येईल, मोहनराव पुन्हा हळूच काहीतरी बोलतील, आणि आपण परत येऊन त्याच खुर्चीत मान खाली घालू. स्वतःचा भरवसा नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. कोपऱ्यावर एक सलून होतं. त्या आत शिरल्या आणि सांगितलं, सगळे काढा.

सलूनवाल्या मुलीनं दोनदा विचारलं. मावशी दोनदा हो म्हणाल्या. मुलीनं वेणी कापून रिबिनीनं बांधून पुढे केली, ती मावशींनी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि मुलीनं उरलेल्यावर मशीन फिरवलं. मावशींनी डोळे मिटले नाहीत. आरशात हळूहळू जो चेहरा वर येत होता तो त्यांना ओळखीचा वाटला. कराडला त्यांचे वडील उन्हाळ्यात असंच डोकं करून घ्यायचे.

घरी मोहनरावांनी दार उघडलं आणि तिथेच उभे राहिले. त्यांना सगळं समजायला काही क्षण लागले. मावशी वाट बघत होत्या, हे आता काय बोलतात. ते आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि स्वतःची लोकरीची टोपी घेऊन बाहेर आले.

“थंडी वाजेल आता,” म्हणाले, आणि टोपी त्यांनीच तिच्या डोक्यावर नीट बसवली. मग मात्र मावशी रडल्या. भरपूर रडल्या.

दसरा मंडळानं त्या शनिवारी ठेवला होता. हॉलमध्ये जेवण, आणि त्याआधी बाहेरच्या पार्किंगमध्ये गाड्यांची पूजा. गाड्यांच्या गावातली ही मंडळी, त्यामुळे पूजेचा थाट मोठा. विजेवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या, चाळीस सेन्सर लावलेल्या गाड्या ओळीनं उभ्या आणि प्रत्येकीच्या चाकाखाली लिंबू. मावशी रीडलबाईंना स्टॉल लावून देऊन, तासाभरासाठी म्हणून तिकडे आल्या. गाडीवर पाटी होती, फारशूले पाटणकर. शेजारी मोहनराव. मावशींनी गाडी ओळीच्या शेवटी लावली, खाली उतरल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि टोपी काढली.

पार्किंगमधलं बोलणं एकदम थांबलं. विवेकची आई वसुधाबाई पुण्याहून आल्या होत्या, हातात हळदीकुंकवाचं तबक. त्यांनी आधी मावशींच्या डोक्याकडे बघितलं, मग मोहनरावांकडे, आणि त्यांच्या तोंडून निघालंच.

“अगं बाई, अहो चांगले उभे आहेत शेजारी, आणि हे काय करून आलीस?”

“मीच नेलं असतं तिला,” मोहनराव म्हणाले, “पण ती मला सांगून करत नाही काही.” आणि तबकातलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी सगळ्यांदेखत बायकोच्या कपाळाला लावलं.

मीनल मागे कुणाच्या तरी कानाला लागली, की कापूनच टाकले म्हणजे रिपोर्टमध्ये काय आलं असतं ते कळलंच. कुजबूज म्हणून बोलली, पण शांततेत ती सगळ्यांना ऐकू गेली.

“म्हण,” मावशी तिच्याकडे वळून म्हणाल्या. “तू हेच म्हणणार हे माहीत असताना कापलेत. निर्दोष आहे हे दाखवायचा माझा एकच पुरावा होता, तो मी कचऱ्यात टाकला. आता तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत. इतकी वर्षं ओळखता त्यावर विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. तपासायला काही मिळणार नाही.”

विवेक पुढे आला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. मावशी, असं नको होतं व्हायला, म्हणाला. आम्ही फक्त... मावशींनाही त्याचा राग येईना. त्या गाडीकडे वळल्या.

ड्रायव्हरच्या जागेवर नैना बसली होती.

सगळे डोक्याकडे बघत होते तेव्हा ती कधी जाऊन बसली कुणाला कळलं नव्हतं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, नजर समोर. मावशी शेजारच्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं. दया म्हणून आली असशील तर उतर, त्या म्हणाल्या, मला ती नकोय.

“तिकडे दोनदा नापास झाले मी,” नैना म्हणाली. “तो सर ओरडतो. मावशी, मला गाडी शिकायचीय. तुमचे केस मला कधीच नको होते. हे मी मे महिन्यात बोलायला हवं होतं.”

विवेक काचेशी येऊन वाकला. नैना, हे आपण घरी बोलू, म्हणाला. नैनानं काच खाली केली. आल्झो, तर मग घरी बोलूच, ती म्हणाली, मी गाडी चालवत येते. आणि काच वर केली.

तिनं लिंबू चिरडत गाडी बाहेर काढली. क्लच जरा हिसक्यानं सुटला. फाटकाशी थांबल्यावर पट्टा लावायचा राहिलाय हे त्यांच्या लक्षात आलं. पट्टा ओढला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हात मानेमागे गेला, अडकलेली वेणी सोडवायला. हाताला काहीच लागलं नाही. केस गेले होते. एवढ्यानं शाळा वाचेल याची खात्री नव्हती. म्युनिक आणि बर्लिन तर जागचे हललेच नव्हते. एक विद्यार्थिनी परत आली होती, तीही दोनदा नापास झालेली.

“मावशी, कुठे जायचं?” नैनानं विचारलं. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. आपल्यांतलंच कुणीतरी असणार, इथले लोक हॉर्न वाजवत नाहीत.

“वाजवू दे त्याला,” मावशी म्हणाल्या. “डावीकडे घे. स्टॉल दोनपर्यंत आहे.”